सात नंबर

प्रिय दिन्या,

दीड वर्ष पत्र नाही. शिव्या घालायच्या असतील तर शेवटी घाल. तब्येत बरी, पाठ कुरकुरते.

उद्या सात नंबरला झोपवायचंय. तू म्हणशील, 'मारायचंय' म्हण. बरं, मारायचंय.

गॉटिंगेन मिनीपिग आहे, प्रयोगासाठी पाळतात ते बुटकं डुक्कर. उंदरावर का भागत नाही हे तूच मला शिकवलंस: त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, आणि माणसाच्या मापाचा इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दाताचा टायटॅनियमचा स्क्रू, त्या जबड्यात मावणार कसा? डुकराचे दुधाचे दात आपल्यासारखेच पडतात, मग पक्के येतात, 44. (गोट्याने माणसापेक्षा जादा बारा दातांचं बिल वेगळं लावलं असतं.)

सुरुवातीला ती मला बघून कोपऱ्यात दडायची. सफरचंदाच्या फोडी देऊन शिकवलं. आता ब्रश दिसला की आपणहून तोंड उघडते. आज तिने ब्रशच दातांत धरून ठेवला, सोडेना. मी हसलो आणि मग हसू आलं म्हणून लाज वाटली.

बीगलच्या कामातून तू उठून गेलास तो दिवस आठवतो? तू हातात रेशमी दोरा घेऊन उभा, दाताभोवती बांधून हिरडी मुद्दाम सुजवायची होती, आणि भुलेआधी ते कुत्रं तुझा हात चाटत होतं. 'एवढं हळवं असशील तर क्लिनिक टाक,' असं मी म्हणालो होतो. वर इम्प्लांटचा जनक ब्रोनेमार्क तोंडावर फेकला: सशाच्या हाडात टायटॅनियम रुतलं, कुत्र्यांवर पारखलं, म्हणून 1965 मध्ये पहिल्या माणसाला बसवता आलं. ते अजूनही खरंच आहे. तूही रोज तेच स्क्रू बसवतोस की!

पण आजची गोष्ट वेगळी. हाड टायटॅनियमला खरंच चिकटलंय की मध्ये नुसता तंतूंचा थर आहे, हे एक्स-रे नीट सांगत नाही. जबड्याचा तुकडा रेझिनमध्ये बसवून, कापून, घासून बघावा लागतो. सहा जनावरं पुरतील असा हिशेब माझाच. सातवी मीच मागितली, एखादं दगावलं तर हाताशी असावी म्हणून. एकही दगावलं नाही. हिला वाचवायचा अर्ज प्राणीप्रयोगांच्या समितीकडे करता आला असता. केला नाही, कारण सहापेक्षा सात आकडे तक्त्यात बरे दिसतात. हे सरांना सांगता येत नाही, घरीही नाही.

तुझं नवं क्लिनिक कसं चाललंय? धाकटीची परीक्षा झाली ना? वहिनींना नमस्कार.

भूल दहाला आहे. पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं उरकलेलं असेल.

तुझा,
बाळ्या