कोच पण शिक्षकच असतो, त्याला तसं वागवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या स्पर्धांचे निकाल तुमच्या क्रीडा पानावर नेहमी वाचते. कोण जिंकलं, किती फरकाने, फोटोत ट्रॉफी आणि मागे उभी राहिलेली टीम, सगळं असतं, पण या पोरांना वर्षभर पहाटे मैदानावर बोलावणारा माणूस कोण आणि त्याच्याच कॉलेजात त्याला किती मान आहे, हे कधीच येत नाही. म्हणून हे पत्र.

लेक्चरला वर्ग भरलेला असतो, सरांना सगळ्यांची नावं लक्षात ठेवणं शक्यच नसतं, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण कोचसमोर रोज तीच पंधरा-वीस पोरं असतात. घर सोडून आल्यापासून कोण गप्प गप्प झालाय, कुणाची झोप होत नाहीये, कोण धड जेवत नाहीये, कुणाचे विषय राहिलेत, हे चांगल्या कोचला नुसतं पळताना बघून कळतं, आणि कॉलेज सोडायचं मनात आलेली काही मुलं टिकतात तीच मुळी उद्या प्रॅक्टिस आहे आणि आपण नाही दिसलो तर सर फोन करतील म्हणून. अशा माणसाला आपण घेतो कसं, तर तात्पुरतं, सीझन संपला की कॉन्ट्रॅक्ट संपलं. आणि त्याचं काम मोजतो कशावर, तर कप किती आणले.

जॉन वुडन यांचंच बघा. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात बास्केटबॉलचे कोच म्हणून ते 1948 मध्ये आले आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं थेट 1964 मध्ये! त्यानंतर 1975 पर्यंत, म्हणजे 12 वर्षांत, 10 विजेतेपदं. आजच्या हिशेबाने त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच घरी पाठवलं असतं. ते आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि स्वतःला शेवटपर्यंत शिक्षकच म्हणवायचे, नव्या खेळाडूंना सुरुवातीलाच मोजे आणि बूट नीट कसे घालायचे ते शिकवायचे, कारण मोज्याला घडी पडली की पायाला फोड येतात आणि फोड आले की प्रॅक्टिस बुडते. बरं, ज्यांनी 1891 मध्ये बास्केटबॉल शोधला ते जेम्स नेस्मिथ, तेही शारीरिक शिक्षणाचे शिक्षकच, आणि पुढे कॅन्सस विद्यापीठात कोच असताना ते जिंकले 55 सामने आणि हरले 60. नुसता निकाल बघायचा तर हा माणूस नापास.

निकालाचं प्रेशर आलं की पहिला फटका पोरांच्या शरीराला बसतो, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. डोक्याला मार लागून चक्कर येतेय, गोंधळल्यासारखं होतंय, अशी शंका जरी आली तरी त्या दिवशी परत खेळवायचं नाही हा आता जगभर मान्य असलेला नियम आहे, पण फायनल आहे, पाच मिनिटं उरलीत आणि कोचची नोकरी त्या कपवर अवलंबून आहे, तर तो त्या मुलाला बाहेर बसवेल का? काही बसवतात, त्यांना माझा सलाम, पण त्यासाठी त्यांना नोकरी पणाला लावायला लागू नये ना. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संस्थेने सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास खेळ आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी असा नियम केलाय, त्यातूनही पळवाटा निघतात हे खरं, तरी निदान कागदावर मर्यादा तरी आहे.

सगळेच कोच चांगले असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये. पोरांचा सगळ्यांसमोर अपमान करणारे, मुलींच्या वजनावरून बोलणारे पण असतात आणि टीम जिंकतेय म्हणून कॉलेज तिकडे डोळेझाक करतं, म्हणजे इथेही कपच आडवा येतो. शिक्षक वर्गात असं वागला तर तक्रार होते, मग मैदानावर का नको?

आणि टीममध्ये निवड न झालेल्यांचं काय? मोठ्या माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटं तरी मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो काय फक्त निवडलेल्या पंधरा जणांनी करायचा? संध्याकाळी दोन तास मैदान सगळ्यांसाठी उघडं ठेवा, वर्गा-वर्गांच्या मॅचेस लावा, ज्यांना खेळच येत नाही त्यांना शिकवायला कोचला वेळ आणि पगार द्या, मुलींच्या टीमला उरलेली वेळ देऊ नका. अमेरिकेत 1972 मध्ये टायटल नाइन, म्हणजे शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी घालणारा कायदा आला आणि त्यानंतर तिथे कॉलेजात खेळणाऱ्या मुलींची संख्या कितीतरी पटीने वाढली. मुलींना आवड नसते म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

तुम्हाला एकच विनंती आहे. यापुढे कॉलेज स्पर्धेची बातमी छापाल तेव्हा कोचचं नाव छापा, आणि तुमच्या बातमीदाराला त्या कॉलेजच्या प्राचार्यांना दोन प्रश्न विचारायला सांगा, तुमचा कोच कायम नोकरीत आहे का, आणि तुमच्या एकूण मुला-मुलींपैकी किती जण मैदानावर उतरतात. उत्तर काय येईल ते तसंच्या तसं छापा.

आपली,
एक नियमित वाचक