यावल काढा, पारोळा टाका

संपादक साहेब, नमस्कार.

मी जळगावात डीटीपी, झेरॉक्स आणि बाईंडिंगचं छोटं दुकान चालवते. त्याआधी मी स्वतः एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, केलंय, खान्देशातल्याच एका कॉलेजातून, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये समाजकार्याची पोरं-पोरी लघुशोधप्रबंधाचा पेनड्राइव्ह घेऊन काउंटरला उभी राहिली की मी नुसती टायपिंगवाली राहत नाही, वाचत बसते, आणि वाचून डोकं फिरतं म्हणून हे पत्र.

मागच्या सीझनचीच गोष्ट सांगते. एक मुलगा आला, बहुतेक चुलतभावाचा जुना प्रबंध होता त्याच्याकडे, यावल तालुक्यातल्या महिला बचत गटांवरचा. म्हणे, "ताई, फक्त यावल काढीसन पारोळा टाकी द्या ना, बाकी सगळं तेच ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं अरे असं नसतं, तर तो म्हणे सगळे असंच करतात, आणि मी नाही म्हटल्यावर त्याने घरी जाऊन स्वतःच फाइंड-रिप्लेस मारलं आणि पीडीएफ प्रिंटला आणली. पहिल्याच प्रकरणात पारोळा तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला आणि केळीसाठी प्रसिद्ध. पारोळा! जिथे बोरी नदीला पाणी आलं तर आलं! पण खरी मजा दुसऱ्या प्रकरणात होती. प्रकरणाचं नाव होतं साहित्यावलोकन, म्हणजे आधीच्या लिखाणाचा आढावा, आता त्या शब्दाच्या पोटात "यावल" लपलाय हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं कधी, कॉम्प्युटरने तोही सोडला नाही आणि पानभर ठळक अक्षरात हेडिंग उमटलं, "साहित्पारोळाोकन". मी हसले, तो पण हसला. हेडिंग तेवढं नीट करून दे म्हणाला, ते मी करून दिलं, आणि पुढे तो प्रबंध पास पण झाला.

आता यात एकट्या त्या मुलाला धरून बदडायचं नाहीये मला. मी शिकत होते तेव्हाही गाईड सरांनी वर्गात एक यादी फिरवली होती, पंचवीस-तीस टायटलं, ज्याने आधी बोट ठेवलं त्याचं ते. माझ्या वाट्याला वृद्धांच्या समस्या आल्या. वृद्धांच्या कुठल्या समस्या, कुठले वृद्ध, गावातले का शहरातले, पेन्शनवाले का मजुरी करणारे, काही नाही, एक अभ्यास. मी साठ म्हाताऱ्यांकडून प्रश्नावली भरून आणली. त्यातला एक प्रश्न होता "आपणास समस्या आहेत काय? होय/नाही". साठच्या साठ जण होय. त्याचा पाय चार्ट पण काढला मी, पूर्ण गोल, एकच रंग.

विषय निवडणे म्हणजे टायटल निवडणे नव्हे, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आणि गंमत अशी की समाजकार्याच्या पोरांना विषय शोधायला लांब जावंच लागत नाही, आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्याला जातात, कोणी सिव्हिलला, कोणी आश्रमशाळेत, कोणी समुपदेशन केंद्रात, तिथे रोज काहीतरी खटकतं, ते फिल्डवर्कच्या डायरीत लिहून पण ठेवतात, आणि प्रबंधाची वेळ आली की ती डायरी बाजूला आणि यादीतलं टायटल पुढे.

एका मुलीचं सांगते, धडगावकडची, इथे होस्टेलला राहायची. तिने गाईडला "ऊसतोड कामगारांच्या समस्या" असा विषय दिला होता आणि तो मंजूर पण झाला होता. माझ्याकडे प्रश्नावलीच्या झेरॉक्स काढायला आली, जानेवारी होता. मी विचारलं, बाई, जानेवारीत तुला कामगार भेटतील कुठे, ते तर गुजरातेत असतील ना कोयता घेऊन. ती गप्पच झाली. दिवाळीनंतर गेलेली माणसं, काही होळीपुरती येतात तर काही सीझन संपल्यावरच, आणि हिची डेटा गोळा करायची मुदत फेब्रुवारीअखेर. मग मी विचारलं, गावात आत्ता आहे कोण? तर म्हणे म्हाताऱ्या आणि लहान पोरं. तिची स्वतःची आजीच तीन नातवंडं सांभाळत होती, शाळेत पाठवायची, आजारी पडलं तर उचलून नेणार कोण म्हणून रडायची. आता सांगा, विषय समोर बसलेला होता की नाही? आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर पोरं सांभाळणाऱ्या आज्या, एक गाव, पंचवीस-तीस घरं, एका सीझनपुरतं. एवढं लहान केलं की हातात मावतं, आणि आजीशी तिच्याच भाषेत बोलायला ही पोरगी पावरी जाणणारी, कुठला मुंबईचा संशोधक ते करणार होता?

मग संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही दोघी कॉम्प्युटरवर बसलो. आधी तिने मराठीत "ऊसतोड कामगार मुले समस्या" असं टाकलं, तर सगळ्या बातम्या आणि यूट्यूबचे व्हिडिओ. इथेच बरीचशी पोरं हात टेकतात आणि सरांना जाऊन सांगतात की या विषयावर साहित्यच उपलब्ध नाही, आणि तसं छापतात पण, "सदर विषयावर यापूर्वी संशोधन झालेले आढळत नाही." अहो आढळेल कसं, तुम्ही ज्या शब्दाने शोधलं त्या शब्दाने कोणी लिहिलेलंच नाही. आम्ही गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचं फक्त संशोधनाचे लेख शोधायचं पान, उघडलं आणि इंग्रजीत शब्द बदलत गेलो. नुसतं मायग्रेशन टाकलं तर लाखोंनी निघालं, सीझनल मायग्रेशन टाकलं तर जरा कमी, त्यात शुगरकेन आणि साऊथ गुजरात जोडलं आणि दोन शब्दांचा जोड अवतरण चिन्हात ठेवला तर कामाचं दिसायला लागलं. पोरांसाठी वेगळा शब्द निघाला, लेफ्ट बिहाइंड चिल्ड्रन. आज्यांसाठी ग्रँडपेरेंट केअरगिव्हर, त्यात चीनचे लेख ढिगाने, कारण तिथेही खेड्यातले आई-बाप शहरात कामाला आणि पोरं आजी-आजोबांकडे. मग मी म्हटलं आपला "कोयता" हाच शब्द इंग्रजी अक्षरात टाकून बघ, नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात ते लिहिणाऱ्यांनी तसंच ठेवलं असणार, आणि खरंच ठेवलं होतं.

त्यातच सापडले यान ब्रेमन. हे हॉलंडचे अभ्यासक, यांनी 1970 च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांना ऊस तोडायला येणाऱ्या मजुरांवर काम केलं, आणि ते मजूर कुठले, तर आपल्या खान्देशातले! त्यांचा लेख 1978 साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत छापून आलाय. म्हणजे डच माणूस येऊन आपल्या लोकांच्या पालांत फिरून गेला, लिहून गेला, आणि आम्ही त्याच खान्देशात बसून दोन वर्षं समाजकार्य शिकलो तरी आम्हाला हे नाव कोणी सांगितलं नाही. त्या लेखाखाली स्कॉलरमध्ये "साइटेड बाय" असं लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक केलं की त्यानंतर ज्यांनी ज्यांनी त्याचा आधार घेतला ते सगळे रांगेत उभे राहतात. मागे जायचं तर लेखाच्या शेवटची संदर्भसूची, पुढे यायचं तर साइटेड बाय. हे दोन दरवाजे पोरांना दाखवले की निम्मं काम झालं. ती मुलगी रात्री साडेनऊपर्यंत हलली नाही, शेवटी होस्टेलचं गेट बंद होईल म्हणून मीच हाकललं.

शोधगंगेचं, म्हणजे पीएचडीचे प्रबंध ठेवणाऱ्या वेबसाइटचं, पण सांगायला पाहिजे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2009 मध्ये नियम केला की पीएचडीचा प्रबंध डिजिटल स्वरूपात द्यायचा, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ते सगळे फुकट वाचायला ठेवलेत, आपल्या विद्यापीठाचे सुद्धा. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल असते. पोरं काय करतात, पहिलं प्रकरण उतरवून घेतात. मी सांगते, पहिलं राहू दे, पूर्वसाहित्याचा आढावा आणि शेवटची ग्रंथसूची आधी उघड, कोणीतरी चार-पाच वर्षं घालून तुझ्यासाठी लेखांची यादी करून ठेवलीय. पण मराठी प्रबंधांचं एक दुखणं आहे जे फक्त आम्हा डीटीपीवाल्यांना माहीत. जुने प्रबंध श्रीलिपी नाहीतर कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, डोळ्याला मराठी दिसतं पण कॉम्प्युटरला ते भलतीच अक्षरं वाटतात, कॉपी करून बघा, कचरा निघतो. काही तर सरळ स्कॅन करून टाकलेले. मग "बालविवाह" म्हणून शोधलं तर बालविवाहावरचा प्रबंध तिथे असून सापडत नाही. म्हणून मराठीत शोधताना नावातल्या शब्दाने शोधा, तेच टायटल इंग्रजी अक्षरात टाकून बघा, मगच नाही म्हणा. आणि आता तरी सगळ्यांनी युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांत, टाइप करा, माझं दुकान असून सांगते.

पैसे मागणारे लेख हा वेगळाच वैताग. केंद्राने वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आणली, म्हणजे जर्नल्सची वर्गणी सरकार भरणार आणि संस्थांतल्या पोरांना ती फुकट वाचता येणार, 25 नोव्हेंबर 2024 ला मंजूर झाली, तीन वर्षांना 6000 कोटी, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स. छान आहे, पण पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक पोरं खाजगी संस्थांच्या कॉलेजांतली. त्यांना एवढंच सांगते की स्कॉलरमध्ये उजव्या बाजूला पीडीएफ दिसते का बघा, नाही तर "ऑल व्हर्जन्स" दाबा, बरेचदा लेखकाने स्वतःच कुठेतरी फुकट ठेवलेला असतो, आणि काहीच नाही जमलं तर लेखकाला दोन ओळींची मेल टाका, लेख मागितला म्हणून कोणी रागावत नाही.

दोन भामटेगिऱ्या आहेत त्याही सांगून टाकते. एक, व्हॉट्सॲपवर येणारे "तीन दिवसांत इंटरनॅशनल जर्नलमध्ये छापून देतो" वाले, यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी, केअर लिस्ट, फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाल्यापासून यांचा ऊत अजून वाढलाय. दुसरी म्हणजे चॅटजीपीटीने बनवलेली संदर्भसूची. यंदा एका पोरीने वीस संदर्भ आणले, टाइप करताना मला एक नाव विचित्र वाटलं म्हणून शोधलं, नाही सापडलं, मग सगळेच शोधले, वीसातले अकरा लेख जगात अस्तित्वातच नाहीत. नाव आहे, वर्ष आहे, पान नंबर आहे, फक्त लेख नाही!

आणि आकडे. सगळ्यांच्या प्रबंधात भारताचे आकडे. अरे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 च्या, प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं पत्रक आहे, फुकट आहे, मुंबईची आयआयपीएस संस्था काढते ते. 2011 च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात 0 ते 6 वयाच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या, हा आकडा आपल्या पोरांच्या प्रबंधात मला क्वचित दिसतो, दिल्लीचे आकडे मात्र झळकतात. बालविवाहावर लिहिणारे तर थेट "आपला बालविवाह झाला आहे काय?" असं विचारतात, 2006 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, घरात सासू दारात उभी, कोण होय म्हणेल? लग्नाचं साल विचारा, वय विचारा, बेरीज-वजाबाकी तुम्ही करा. आणि प्रश्न माणसाच्या भाषेत विचारा हो. एका प्रश्नावलीत होतं, "बचत गटामुळे आपले सक्षमीकरण झाले आहे असे आपणास वाटते काय?" त्यावर एका आजीने म्हणे विचारलं, "सक्षमीकरण म्हंजे काय ऱ्हास वं माय?" पोराने उत्तराच्या रकान्यात लिहून टाकलं, होय.

माझं म्हणणं कॉलेजांपुढे आणि विद्यापीठापुढे एवढंच आहे. पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर जातात पण एमएसडब्ल्यूचे लघुशोधप्रबंध कुठे जातात? ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात, लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं (त्यातली बरीच मीच मारलेली), आणि किल्ली शिपायाकडे. मी गेल्या वर्षी एका कॉलेजात बघायला मागितले तर म्हणाले विद्यार्थी कॉपी करतात म्हणून दाखवत नाही. कॉपी तर होतेच आहे की, कपाटातून नाही तर चुलतभावाच्या पेनड्राइव्हमधून. उलट सगळ्या टायटलांची यादी वर्षवार, तालुकावार वेबसाइटवर टाकली तर गाईडला एका मिनिटात कळेल की हे यावलचं पारोळा झालंय. इतिहासकार राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं गोळा करायचे, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आपल्या धुळ्यात आहे, आणि आपण स्वतःच्या पोरांनी लिहिलेलं कुलूप लावून ठेवतो.

दुसरं, टायटल भरायच्या फॉर्मच्या आधी, नंतर नव्हे, ग्रंथपालांनी पोरांना दोन तास कॉम्प्युटरसमोर बसवावं, भाषण नको, प्रत्येकाने आपल्या फिल्डवर्कच्या डायरीतली एक खटकलेली गोष्ट घेऊन यायची आणि त्यावर पाच लेख शोधून दाखवल्याशिवाय उठायचं नाही.

ते होईपर्यंत माझ्या दुकानात दुपारी दोन ते चार गर्दी नसते. कोणाला विषय शोधायला बसायचं असेल तर यावं, नेटचे पैसे घेणार नाही. बाईंडिंगचे घेईन.

आपली,
एक डीटीपीवाली, जळगाव