मी राहायला येतेय

डोंबिवली,
सोमवार, रात्रपाळीहून आल्यावर

ती. बाबा आणि ती. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, पत्र तू वाच. बाबांना मोठ्याने वाचायला लावू नकोस. दोन ओळींत त्यांना दम लागतो आणि ते चष्म्याला दोष देतात. ओटीवर उजेडात बस, ऑक्सिजनची नळी त्यांच्या नाकाला नीट लागलीय ना ते बघ आणि मग पुढे वाच.

फोनवर सांगितलं असतं. पण फोनवर बाबा रागावणार, रागावले की खोकणार, आणि तू "रेंज जातेय गं" म्हणून फोन ठेवून देणार. गणपतीत सांगायचं ठरवूनच आले होते. विसर्जनाहून परत आलो तेव्हा बाबा पायरीवर बसले होते. मला म्हणाले, "बाय, तुझी नोकरी आहे म्हणून आम्ही निर्धास्त." त्यानंतर माझ्या तोंडून शब्द निघेना. तशीच गाडीत बसले आणि पनवेलपर्यंत रडत आले.

तर आता सांगते. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. जूनअखेर अर्ज दिला होता, तीन महिन्यांची मुदत ३० सप्टेंबरला संपते. अर्ज मंजूर झालाय, म्हणजे आता मागे फिरायचं काही राहिलेलं नाही. दसरा झाला की मी गावी येतेय. सुट्टी काढून चार दिवसांसाठी येत नाही, राहायला येतेय.

बाबा, हातातली नोकरी कुणी सोडतं का, हेच तुमच्या मनात आलं असणार. तुमच्या इतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार? पण आधी हिशोब ऐका. १९९९ ला नर्स म्हणून लागले, सव्वीस वर्षं झाली. माझी भरती २००५ च्या आधीची, त्यामुळे जुनी पेन्शन आहे. महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणार. फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे. डोंबिवलीच्या घराचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. लेक कमावता झालाय, ह्यांची अजून चार वर्षं नोकरी आहे आणि ह्यांना स्वयंपाक माझ्यापेक्षा बरा येतो. हे मीच सांगत नाही, तो पोरगाही सांगतो. महिन्यातून एकदा मी दिव्याच्या पॅसेंजरने वरखाली करीन. आम्ही तिघांनी बसून ठरवलंय. ह्यांनीच अर्जाचा मसुदा लिहून दिला. तेव्हा जावयाला काय वाटेल, ही काळजी आई, तू करू नकोस.

खरं कारण तुम्हाला माहीत आहे. जूनमधली ती रात्र.

वाऱ्याने खांब पडला आणि वीज गेली. ऑक्सिजनचं मशीन बंद. सिलिंडर दुपारीच संपलेला. आई, तू रात्रभर बाबांना पुढे वाकवून, उशी मांडीवर घेऊन बसलीस आणि सुपाने वारा घालत राहिलीस. पहाटे चारच्या सुमारास हात भरून आला तेव्हा सूप डाव्या हातात घेतलंस. हे मला तू सांगितलं नाहीस, शेजारच्या वहिनींनी सांगितलं. आणि मला फोन का केला नाहीस? तर "तुझी रात्रपाळी होती." आई, त्या रात्री मी वॉर्डात कुणाच्या तरी वडिलांचा ऑक्सिजन लावत होते. त्यांची मुलगी माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आहात म्हणून." सकाळी सातला घरी आले, तुझा फोन आला, तू म्हणालीस, "काल जरा लाईट गेली होती." जरा! त्या दिवशी मी जेवले नाही. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, मला अर्ज लिहून द्या.

मी काही मोठं करते आहे असं कृपा करून म्हणू नका. मोठं काय असतं ते मी आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत बघितलंय.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला संप कळत नव्हता, भोंगा वाजत नाही एवढंच कळत होतं. सकाळी भोंग्यावर उठायची सवय, तर मी तुला विचारलं होतं, "आई, अजून सकाळ झाली नाही का?" अडीच लाख कामगार घरी बसले होते, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभेला माणसांचा पूर लोटत होता, हे सगळं मी पुढे मोठेपणी वाचलं. माझ्या लेखी संप म्हणजे बाबा दिवसा घरी. मला त्याचा आनंद झाला होता. बाबा, ते आठवून अजून जीव कसनुसा होतो.

त्याआधी तुम्ही पाळीवरून यायचात ते आठवतं. डोक्यावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापूस. कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यातून आलेला माणूस म्हातारा होऊनच यायचा. तुम्ही डोळे मिटून बसायचात आणि मी तुमच्या भुवयांवरचा कापूस एकेक करून वेचायची. मग तुम्ही गुळाचा खडा तोंडात टाकायचात आणि अर्धा मला द्यायचात. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावरून आलात की छाती चोळत बसायचात. नर्सिंगला बिसिनोसिसचा धडा आला. कापसाच्या धुळीचा छातीचा रोग, आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. मॅडम सांगत होत्या, मी लिहून घेत होते, आणि पुढचं काही लिहिताच आलं नाही. भुवयांवरचा कापूस मी वेचला, आत गेलेला कुणालाच दिसला नाही. बिड्यांचं मी काही म्हणत नाही. त्या तुम्ही दादाच्या दहावीला सोडल्यात त्या सोडल्यातच.

आणि आई, तुझी खाणावळ. सोळा माणसं जेवायची आपल्याकडे, दोन पाळ्यांत, कॉटखाली दादा आणि मी. खाणावळवाल्या बायांसाठीच्या, प्रेमाताई पुरवांच्या अन्नपूर्णा महिला मंडळातून बँकेचं कर्ज मिळालं होतं, त्यातून घेतलेली ती मोठी पातेली अजून माळ्यावर आहेत. संप लागला तशी माणसांची देणी थांबली. शेजारच्या बाया म्हणत होत्या, बंद कर, पोरांना काय घालशील? तू बंद केली नाहीस. आमटी पातळ झाली, बोंबील गेले, मग चपात्या गेल्या. गावाहून एस.टी.च्या टपावरून कुळीथ आणि तांदळाचं पोतं आलं की भात आणि कुळथाची पिठी. पण ताटं सोळाच वाढलीस. मग एके दिवशी तुझ्या गळ्यात नुसते काळे मणी आणि मधे हळकुंड दिसलं. मी विचारलं, वाट्या कुठे गेल्या? तू म्हणालीस, "हळकुंडाचा मान सोन्याहून मोठा असतो." मी शाळेत सगळ्यांना ते सांगत फिरले होते.

बाबा पहाटे भायखळ्याहून कांदे-बटाटे आणून पुलाखाली बसायचे. पहिल्या दिवशी ओळखीचं कुणी दिसलं की मान खाली घालायचे, हे तूच एकदा सांगितलंस. महिन्याभराने हाक मारून विकायला लागले. पुढे वॉचमनची नोकरी, बारा-बारा तास. संप मागे घेतला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. बाबा अजून म्हणतात, "आमचा संप चालू आहे." ते म्हणताना तुमचा आवाज बदलतो बाबा. मला तो आवाज आवडतो.

आई, तुझी उधारीची वही माझ्याकडे आहे. लालबागची खोली सोडली तेव्हा तू रद्दीत टाकली होतीस, मी काढून ठेवली. लाल पुठ्ठा, आत तुझं चौथीतलं अक्षर. प्रत्येकाच्या नावापुढे दिवस आणि जेवणं. कितीतरी जण गावी गेले ते गेलेच. त्यांच्या नावावर तू काट मारली नाहीस, आणि कुणाच्या घरी मागायलाही गेली नाहीस. पण लांज्याचे ते काका आठवतात ना? २००३ साली आले, हातात काठी, धोतराच्या गाठीत पैसे. तीनशे चाळीस रुपये. मला वाटलं तू नको म्हणशील. तू पाट मांडलास, त्यांना जेवायला वाढलंस, आणि मग पदराला हात पुसून ते पैसे दोनदा मोजून घेतलेस. वहीत लिहिलंस, "पोचले". ते गेल्यावर मी तुझ्याशी भांडले. तू म्हणालीस, "एवढी वर्षं त्या माणसाने हे ओझं वागवलं. मी घेतले नसते तर परत घेऊन जावं लागलं असतं त्याला."

आई, मी येतेय ते तसंच मोजून घे. "कशाला गं, आमचं चाललंय" असं दारात म्हणू नकोस. बाबा, तुम्हीही. "आमचं तुला ओझं झालं" असं तुमच्या मनात येणार हे मला माहीत आहे. तुम्ही आजारी आहात म्हणून येतेय हे खरं, पण तेवढंच खरं नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी बसले. मला आता तुमच्याजवळ बसायचंय. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या फणसाखाली खुर्ची टाकून तुमचं पेपर वाचणं ऐकायचंय, जेवढा दम असेल तेवढं.

दादाला काही बोलू नका. त्याने इन्व्हर्टरचे पैसे पाठवलेत, दोन बॅटऱ्यांचा, मशीन त्यावर नीट चालेल असा. देवरुखचा माणूस येत्या आठवड्यात येऊन बसवून जाईल. २०११ चं जे झालं ते झालं, तो मनाने वाईट नाही.

मागच्या खोलीत माझी सोय करू नका, तिथे तांदळाच्या कणग्या राहू देत. मी माजघरात झोपेन, बाबांच्या कॉटच्या पायथ्याशी. रात्री मशीनचा आवाज बदलला तर मला झोपेत कळतं. न्हाणीत धरायला दांडा बसवायचाय आणि कमोडची खुर्ची मी बरोबर आणतेय. बाबा, तुम्हाला ती आवडणार नाही. पण पावसात परसाकडे जाताना तुमचे ओठ निळे पडतात ते मी गणपतीत बघितलंय. आई, तुझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणि गॅसजवळ उंच स्टूल. तुझी बी.पी.ची गोळी संपून आठवडा झाला होता आणि तू सांगितलं नाहीस. डबीवर तारीख होती, मी बघितली.

आता मी येईपर्यंत काय करायचं ते सांगते, आणि यात तुमचं काही ऐकणार नाही. ऑक्सिजन दीड लिटरवरच ठेवायचा. बाबांना घाबरल्यासारखं झालं म्हणून काटा पाचवर न्यायचा नाही. त्यांच्या छातीला जास्त ऑक्सिजन चालत नाही, माणूस गुंगीत जातो. बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ८८ ते ९२ दिसला तर ते बरोबर आहे, शंभर व्हायला पाहिजे असं काही नाही. त्याखाली राहिलं किंवा बाबा नीट बोलेनासे झाले, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असो, माझी पाळी असो, आधी १०८ ला फोन आणि लगेच मला. औषधाचा पंप त्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यातूनच घ्यायचा, नंतर चूळ भरायची, नुसतं पाणी पिऊन चालत नाही. दम लागला की ओठांचा चंबू करून हळू श्वास सोडायचा, फोडणी पडल्यावर आई चमच्यातलं कढत चाखताना फुंकते तसा. चूल मागच्या पडवीतच, आणि समई-उदबत्ती नळीपासून लांब. देव रागावणार नाही. सिलिंडर भरून आणलाय का? दीड लिटरने तो सोळा तास तरी जातो, म्हणजे लाईट गेली तरी रात्र निघते. पावतीचा फोटो शेजारच्या पोराला पाठवायला सांग. फ्लूचं इंजेक्शन मी आल्यावर मीच देईन, बाबा, तुम्हाला दुखणार नाही. माझा हात हलका आहे, सगळे सांगतात.

गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीच्या फॉर्मची पिशवी, गिरणीचं तिकीट, ई.एस.आय.चं कार्ड, सगळं माझ्याकडे जपून आहे. घराचा नंबर लागो न लागो, मी पाठपुरावा सोडणार नाही. शेलू-वांगणीला देऊ केलेल्या घराचं काय करायचं ते तुम्ही सांगाल तसं. तो तुमचा हक्क आहे, त्यात मी माझं डोकं घालणार नाही.

बाबा, हे वाचून दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. तिसऱ्या दिवशी फोन करा.

स्टेशनवर कुणाला पाठवू नका, सामान जास्त नाही. एक ट्रंक, कमोडची खुर्ची आणि माझी पांढरी चप्पल. संगमेश्वरला उतरून रिक्षा करीन. आई, माळ्यावरचं मोठं पातेलं काढू नकोस, आपण तिघंच आहोत. पिठी तू कर, भात मी लावीन.

तुमची,
बाय

ता. क. मशीनच्या मागची जाळी दर रविवारी धुवायची आणि पूर्ण वाळली की मगच बसवायची. मागच्या रविवारी धुतली होतीस का?