लायनरवरची छिद्रे दाखवणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

गेल्या गळीत हंगामात माझा ट्रक रोज पाणी पिऊ लागला, दोन ठिकाणी हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालची सीलपट्टी) बदलूनही ते थांबले नाही आणि अखेर इंजिन ऑइल दुधाळ झाल्यावर गाडी ओढून मिरजेला आपल्या गॅरेजात आणावी लागली. आपण लायनर, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होतो ती नळी, काढून माझ्या हातात दिलात आणि त्याच्या पाण्याकडच्या बाजूला, एका उभ्या पट्ट्यात, सुईने टोचल्यासारखी पडलेली छिद्रे दाखवलीत. तोवर कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रंगीत पाणी, एवढीच माझी समजूत होती.

प्रत्येक स्फोटाच्या धक्क्याने लायनर थरथरतो, त्याच्या पाठीशी सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन तिथेच फुटतात आणि तो मार सतत बसत राहिला की धातू कोरला जातो, हे आपण मला शांतपणे समजावलेत. कूलंटमधील नायट्राइटसारखी द्रव्ये लायनरवर पातळ थर धरतात, मार त्या थरावर बसतो आणि थर पुन्हा धरला जातो. मी मात्र द्राक्षबागेच्या बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतत आलो. त्यामुळे ही द्रव्ये विरळ होत गेली आणि आंघोळीच्या बंबात साचतो तसा क्षार इंजिनाच्या ब्लॉकमध्ये साचला. आपण मला दोष दिला नाहीत, फक्त तो क्षार नखाने खरवडून दाखवलात.

‘आपल्या सांगलीत पाणी कुठे गोठते?’ हा माझा प्रश्नही आपण हसण्यावारी नेला नाहीत. कूलंटमधले ग्लायकॉल पाण्याला गोठू देत नाही, तसेच लवकर उकळूही देत नाही: निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण साधारण १०७ अंशांवर उकळते, आणि रेडिएटरची कॅप दाब धरून ठेवते म्हणून ही मर्यादा आणखी वर जाते. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात भरलेल्या गाडीला याचाच आधार असतो. ग्लायकॉल जास्त घातले तर अधिक चांगले, हा माझा समजही आपण खोडलात, कारण उष्णता वाहून नेण्याचे काम पाणीच अधिक चांगले करते.

निवडीच्या बाबतीत मी हिरवा की लाल एवढेच विचारत होतो. रंग कंपनी आपल्या मर्जीने टाकते, त्यावरून आतले रसायन ओळखता येत नाही, म्हणून डब्यावर छापलेले मानक (स्टँडर्ड) आणि इंजिनाच्या पुस्तिकेतील शिफारस जुळवून पाहावी, हे आपण ठामपणे सांगितलेत. मोटारीसाठीचे कूलंट ओल्या, म्हणजे थेट कूलंटच्या संपर्कात असणाऱ्या, लायनरला पुरेसे संरक्षण देईलच असे नाही आणि दोन जातींची कूलंट मिसळू नयेत, हे मी आता इतर मालकांनाही आवर्जून सांगतो.

नवे लायनर बसवल्यावर ब्लॉक आणि रेडिएटर स्वच्छ पाणी येईपर्यंत धुणे, हीटर चालू ठेवून कूलंट हळूहळू भरणे, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालवून हवा काढणे आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहणे, यात आपली दुपार गेली. तरीही घाई दिसली नाही. गरम कॅपला हात लावणाऱ्या पोराला आपण ज्या आवाजात थांबवलेत, तो मला अजून आठवतो.

जुने कूलंट आपण गटारात सोडू दिले नाहीत, ते डब्यात भरून झाकण घट्ट लावलेत, कारण ते चवीला गोड असते आणि कुत्री-गुरे ते पिऊन मरतात. माझ्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, आणि बदललेले कूलंट मी आजवर त्याच अंगणात ओतत होतो. काका, त्या डब्यासाठी मी आपला सर्वाधिक ऋणी आहे.

आपला,
तासगाव तालुक्यातील एक ट्रकमालक