डॉसनच्या ओढ्यात झारेकरी

कॅलगरी, 14 जुलै

प्रिय सुन्या,

फोनवर "जाऊन आलो, मस्त झालं" एवढंच बोललो म्हणून तू भडकलास. रास्त आहे. आता सविस्तर लिहितोय, चहा घेऊन बस.

डॉसन सिटी म्हणजे कॅनडाच्या उत्तरेला युकॉनमधलं, सोन्याच्या शोधानं वसलेलं गाव. आमच्या घरापासून एका बाजूनं साधारण 2,800 किलोमीटर. कोल्हापुरातून निघून श्रीनगर गाठलं तरी एवढं होत नाही, आणि वाटेत धाबा नाही. नेहानं दशम्या, ठेचा न शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती म्हणून निभावलं. पहिला मुक्काम डॉसन क्रीक. अलास्का हायवेचा शून्य मैलाचा खांब तिथं आहे. डॉसन क्रीक वेगळं आणि डॉसन सिटी वेगळं, मधे जवळजवळ 2,000 किलोमीटर. हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. तिच्या हिशोबानं आम्ही पहिल्याच रात्री पोचलो होतो आणि उगाच भटकत होतो.

पर्ल हार्बरनंतर जपानी अलास्कात उतरतील या धास्तीनं अमेरिकन सैन्यानं 1942 मध्ये हा रस्ता आठेक महिन्यांत काढला. आता डांबर आहे, पण जिथं दुरुस्ती तिथं खडी. समोरच्या ट्रकनं उडवलेला एक खडा टाणकन काचेवर बसला आणि तो तडा पुढं रोज बोटभर सरकत राहिला. लियार्डला रस्त्यातच बायसन बसलेले. हॉर्न वाजवायची हिंमत झाली नाही. तिथल्या गरम झऱ्यात डुंबताना आपली राजापूरच्या गरम पाण्याच्या उन्हाळ्याची सहल आठवली, तुझी चप्पल वाहून गेली ती.

वॉटसन लेकला 1942 मध्ये एका सैनिकानं घरच्या आठवणीनं आपल्या गावाची पाटी ठोकली. मग येणारा-जाणारा ठोकत गेला, आता हजारो पाट्यांचं रान झालंय. बाबांच्या लुनाची एमएच-09 ची पाटी मी मुद्दाम नेली होती. ठोकून आलो.

डॉसनला रात्री साडेअकराला ऊन होतं. मातीचे रस्ते, लाकडी फळ्यांचे पदपथ. खालची जमीन बारमाही गोठलेली. घराच्या उबेनं ती विरघळते आणि घरं कलंडतात. दोन जुन्या इमारती तर एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून उभ्या आहेत. 1898 मध्ये इथं तीसेक हजार माणसं होती, आज दोन हजारही नाहीत.

सोनं सापडलं ऑगस्ट 1896 मध्ये, रॅबिट क्रीकवर. पुढं त्याचंच नाव बोनान्झा झालं. जॉर्ज कारमॅक, त्याची बायको केट, तिचा भाऊ कीश (याला सगळे स्कूकम जिम म्हणतात) आणि भाचा डॉसन चार्ली. आधी कुणाला दिसलं यावर अजून वाद आहे, पण शोधाचा दावा, म्हणजे तिथला तुकडा खणायचा हक्क, नोंदला कारमॅकच्या नावावर. बाकीचे टॅगिश, म्हणजे तिथले मूळचे रहिवासी होते ना! बाहेरच्या जगाला बातमी कळली जुलै 1897 मध्ये, सोनं घेऊन जहाजं सिॲटल आणि सॅन फ्रान्सिस्कोला लागली तेव्हा. लाखभर लोक घरदार सोडून निघाले. वाटेतल्या चिलकूट खिंडीच्या माथ्यावर पोलीस उभे : वर्षभराचा शिधा दाखव, नाहीतर मागे फिर. सगळं मिळून जवळजवळ टनभर ओझं, तेही पाठीवरून, बर्फातून, तीस-चाळीस खेपा करून. आपण 23-23 किलोच्या दोन बॅगांसाठी विमानतळावर लोणच्याची बरणी काढून ठेवतो, लेका. आणि एवढं करून ते पोचले तोवर चांगल्या ओढ्यांवर आधीच खुंट्या रोवलेल्या. ज्यांची ही क्लोंडाइक नदी होती त्या मूळच्या त्रोंडेक ह्वेचिन लोकांना त्यांच्या प्रमुखानं, चीफ आयझॅकनं, खालच्या अंगाला मूसहाइडला नेलं, या गर्दीपासून वाचवायला.

बोनान्झावर चौथ्या नंबरचा ड्रेज बघितला. सोन्यासाठी तळ उपसणारा, 1912 चा लाकडी तळाचा तरंगता कारखानाच म्हण. 1959 पर्यंत दरी उपसत होता. त्यानं मागे टाकलेल्या गोट्यांच्या राशी मैलोन्‌मैल पडल्यात, अजून नीट गवतही धरत नाही.

पण मला तुला सांगायचंय ते पुढचंच. तिथं एका दाव्यावर कुणीही फुकट सोनं धुवावं, मिळेल ते घरी न्यावं. परातीत रेती-पाणी घेऊन हेलकावे द्यायचे. हलकं वाहून जातं, शेवटी काळी रेती उरते. गार पाण्यानं बोटं बधिर, डास कानात, आणि मला एकदम आपली कोल्हापूरची गुजरी, सराफांची गल्ली, दिसली. पहाटे तुमच्या पेढीपुढची गटार सोन्याच्या कणांसाठी खरवडून नेणारी झारेकरीण आठवते? आपण हसायचो, ती मान वर करायची नाही. आठव्या परातीला कळलं, मान वर केली की परात चुकते.

तासाभरानं एक कण मिळाला. गुंजेच्या पासंगालाही पुरायचा नाही. पारदर्शक चिकटपट्टीखाली या कागदावर लावलाय, खालच्या कोपऱ्यात. काकांना भिंग घेऊन दाखव आणि विचार, मोडीत घट किती धरणार?

तुझा,
दिग्या