पुळण सोडा, चिरेखाण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, गाडी पळवताना चार तरुण भरतीत अडकल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. पुढच्याच आठवड्यात एका वाचकांचं पत्रही वाचलं. ‘या उनाड पोरांच्या गाड्या जप्त करून भंगारात घाला,’ असं त्यांचं म्हणणं. गाडी जप्त करा, माझी हरकत नाही. पण भंगाराचा विषय निघालाच आहे तर मला थोडं बोलू द्या, आणि या पोरांना पुळणीऐवजी बंद चिरेखाणीत (जांभा दगडाच्या खाणीत) ट्रॅक द्यावा, हेही मांडू द्या. मी एसटीच्या आगारात 31 वर्षं काढली, हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो, आणि आज माझ्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जी रेसची गाडी उभी आहे ती भंगारातूनच आलेली आहे.

आधी कबुली देतो. 1998 साली मी आणि माझे मेहुणे त्यांची नवीकोरी एस्टीम घेऊन रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुळणीवर उतरलो होतो. ओहोटीची ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट लागते, म्हणून माणूस फसतो. वळवताना पुढचं एक चाक कोरड्या वाळूत गेलं. मेहुण्यांनी अ‍ॅक्सिलेटर दाबला आणि गाडी पोटावर बसली. मासेमारी करणाऱ्या मंडळींनी दोर लावून ओढली तेव्हा पाणी दारापाशी आलं होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, “एसटीत आहात ना? मग इतकं कळलं नाही?” उत्तर नव्हतं. गाडी धुतली, वाळवली, पण दोन पावसाळ्यांत खालचा पत्रा पापडासारखा सुटायला लागला. तेव्हा त्या चार पोरांना शिव्या द्यायचा मला तरी अधिकार नाही.

पण पुळणीवर गाडी नको ती नकोच. वेळास, आंजर्ले, इकडे आमच्या जवळ गावखडी, या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चाकाखाली वाळू दाबली जाते, घरटं चिरडतं, आणि जी पिल्लं बाहेर येतात ती चाकोरीत अडकून पडतात. कावळ्यांना, कुत्र्यांना आयतं ताट. चाकोरी आपल्याला बोटभर वाटते, पण पिल्लाला ती न चढता येणारी दरडच असते.

प्रश्न असा की ही पोरं जाणार कुठे? ग्रेटर नोएडात 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली तेव्हा आमच्या आगारातले ड्रायव्हरही चहाच्या टपरीवर त्या शर्यती जिंकणाऱ्या वेट्टेलच्या गप्पा मारत होते. ट्रॅक म्हणाल तर चेन्नईजवळ, कोइमतूरला, नोएडाला. आमच्या पावस गावच्या पोरानं एक रविवार गाडी चालवायला चेन्नईला जायचं? मग तो पुळणीवर जातो, नाहीतर रात्री घाटात.

आमची गाडी म्हणजे मारुती 800, 2004 चं मॉडेल, चार गिअरची. 796 सीसी, तीन सिलिंडर, 37 हॉर्सपॉवर. पासिंग 2019 मध्ये संपलेलं, मालक मुंबईला. मी आणि भाचीनं ती 22 हजारांना घेतली. भाचीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय आणि चालवणारी तीच. मी फक्त पाने देतो आणि ओरडतो. गाडी घरी आली त्या दिवशी शेजारी कुंपणावरून म्हणाले, “भंगारवाल्याला देताय की त्याच्याकडनं आणलात?”

त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. किनाऱ्यावरची गाडी वरून कितीही चकचकीत असो, ती खालून बघावी. मॅट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखालून खळ्यातलं शेण दिसत होतं. आता रेसच्या गाडीत माणसाभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवावा लागतो, त्याला केज म्हणतात. केजचे पाय टेकतात जमिनीच्या पत्र्यावर. पत्राच कुजलेला असेल तर गाडी उलटली की पाय सरळ पत्र्यातून आरपार जाणार, वाळवी लागलेल्या फळीवर खांब उभा केल्यासारखे. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी दोन महिने आम्ही फक्त पत्रा कापला आणि जोडला. दोन्ही बाजूंच्या खालच्या पट्ट्या नव्या घातल्या, केजच्या प्रत्येक पायाखाली 3 मिलिमीटरची प्लेट. भाची कंटाळली. म्हणाली, “मामा, आपण गाडी करतोय की जहाज?”

आणि पाइप. हे जरा सविस्तर लिहितो, कारण हौशी पोरं नेमकी इथे पैसे वाचवतात. आमच्याकडचा फॅब्रिकेटर चांगला माणूस, हातही चांगला. तो म्हणाला, “मामा, जीआय पाइप घ्या, जस्ताचा मुलामा असतो, खारा वारा आहे, गंजायचा नाही. गेटाला, शेडला आम्ही हाच वापरतो.” गेट उलटून कोणाच्या डोक्यावर पडत नाही, असं मी म्हटलं. तो हसला. मग मी कोल्हापुरात उद्यमनगरातून आणलेला सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा, पाइप आणि त्याचा जीआय, दोन्हींचे वीतभर तुकडे कापले आणि त्याच्याच व्हाइसमध्ये धरून घणानं चेपले. सीमलेस चपटा झाला, भाकरी दुमडावी तसा, पण अखंड राहिला. जीआय शिवणीवर उकलला, टरकन, आतून चंदेरी कडा दिसली. तो काही बोलला नाही. तुकडा उचलून दुकानाच्या खिडकीत ठेवलान. अजून तिथेच आहे. वर जीआयवर वेल्डिंग केलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, त्यानं वेल्डरला रात्री हुडहुडी भरून ताप येतो, हे त्याला माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

आंतरराष्ट्रीय नियमात केजच्या मुख्य कमानीला 45 मिलिमीटर व्यासाचा, 2.5 मिलिमीटर जाडीचा, थंड ओढलेला सीमलेस पाइप सांगितलाय. बाकीच्या पाइपांना 38 आणि 2.5 चालतो. आम्ही तोच घातला. खांद्यावरचे पट्टे मागे बांधतात तिथेही पोरं चुकतात. सीटच्या मागे खाली जमिनीला बोल्ट मारून मोकळी होतात. पट्टा 45 अंशांपेक्षा जास्त खाली उतरला की धडकेत तो खांदे खाली दाबतो आणि सगळा भार मणक्यावर येतो. पट्टा केजच्या आडव्या पाइपाला, जवळजवळ सरळ मागे जायला हवा.

हिशेब सांगतो, कारण लोक विचारतात आणि नंतर विश्वास ठेवत नाहीत. गाडी 22 हजार. रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट आणि बाकी इंजिनकाम 17 हजार, मजुरी आमचीच. जुने टायर 8 हजार. केज 38 हजार. हेल्मेट, पाच पट्ट्यांचा बेल्ट आणि सीट 24 हजार. आग विझवायचा सिलिंडर आणि करंट तोडायचा स्विच 4 हजार. एकूण 1 लाख 13 हजार. म्हणजे गाडी पळवायला 47 हजार, आणि आतलं माणूस वाचवायला 66 हजार. अमेरिकेत 2006 पासून स्वस्त गाड्यांच्या शर्यती होतात, तिथे नियम आहे की गाडी 500 डॉलरच्या आतली हवी. पण केज, बेल्ट, ब्रेक असला सुरक्षेचा खर्च त्या 500 मध्ये धरत नाहीत. ज्यानं हा नियम केलान, त्यानं माझ्यासारखे कंजूष पुष्कळ पाहिले असणार.

वाशीला आंबा नेणारा ओळखीचा एक आयशर ट्रक डिसेंबरात रिकामा असतो. त्यात गाडी चढवून आंबा घाटानं आम्ही कोल्हापूरकडच्या एका माळावर ऑटोक्रॉसला गेलो. ऑटोक्रॉस म्हणजे मातीचा छोटा वळणांचा ट्रॅक, गाडी घड्याळाशी पळते, एकमेकांना घासायचा प्रश्न नाही. पहिल्या फेरीत 1 मिनिट 32 सेकंद. 19 गाड्यांत सोळावा नंबर. मी पेढे वाटायच्या बेतात होतो.

दुसऱ्या फेरीपर्यंत वळणांवर बऱ्याच गाड्या जाऊन मातीत खोल चाकोरी पडली होती. डाव्या वळणावर गाडी आडवी सरकत गेली, उजवी चाकं चाकोरीच्या काठाला अडली आणि गाडी पलटली. वेग फार नव्हता, चाळीसेक असेल. एकदा पूर्ण फिरली आणि मग टपावर बसली. मी धावलो, ट्रॅकवर लक्ष ठेवणाऱ्या मार्शलनं दंडाला धरून थांबवलं. बरं केलान. आतलं मला पुढे भाचीनं सांगितलं. आधी स्विच ओढला, इंजिन थांबलं. मग पाय घट्ट रोवले, डावा हात टपाला टेकवला, आणि मगच उजव्या हातानं बेल्टची कडी सोडली. उलटं लटकलेलं माणूस घाईत कडी सोडतं आणि स्वतःच्या मानेवर पडतं, म्हणून आम्ही खळ्यात डोळ्यांना फडकं बांधून हे पंचवीस-तीस वेळा केलं होतं. शेजारी तेव्हाही कुंपणावर होतेच. बाहेर आली ती तोंडातली माती थुंकत म्हणाली, “मामा, वेळ किती लागली?” केजचा वरचा आडवा पाइप 4 मिलिमीटर बसला, मी घरी येऊन मोजला. जीआय असता तर मी आज हे पत्र लिहायला बसलो नसतो.

आता मूळ मुद्दा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे सार्वजनिक जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत होऊ देणं आणि तीत भाग घेणं, दोन्ही गुन्हे आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. योग्यच आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यात बंद पडलेल्या चिरेखाणी काय कमी आहेत? यंत्रानं चिरा काढलेली खाण खाली सपाट असते, जांभ्याचा चुरा पसरलेला, माळापेक्षा उत्तम ट्रॅक. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, मात्र नको. आमच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, त्यातली काही 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि मातीखाली अजून काय निघेल कोणी सांगावं. खाणीत जे जायचं ते आधीच गेलेलं आहे.

अडचणी आहेत, मला दिसतात. खाणीच्या भिंतीपासून ट्रॅक लांब ठेवायला हवा, मध्ये जुन्या टायरांचे ढीग. बघे वरच्या काठावर नकोत, काठ ढासळतो. पावसाचं पाणी आश्विनापर्यंत साचून असतं. आणि मोठी अडचण धुळीची. आंबा बागायतदार चिऱ्याच्या धुळीनं आधीच त्रासलेले आहेत, मोहरावर लाल थर बसला तर ते आम्हाला खाणीतच पुरतील, आणि मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. माझीही नऊ कलमं आहेत. म्हणून दिवाळीनंतर मोहर फुटायच्या आत, असे दोनच रविवार, बागांपासून लांबची खाण, आणि सकाळी टँकरनं पाणी मारायचं. नोव्हेंबरात टँकर मिळतो, एप्रिलात मागायचं तोंडही नसतं. भारतीय मोटरस्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाशी जोडलेल्या क्लबाकडून परवाना, जिल्हाधिकारी आणि पोलिसांची परवानगी, जागेवर डॉक्टर आणि रुग्णवाहिका. केज नसेल त्याला गेटावरून परत पाठवायचं, मग तो कोणाचाही मुलगा असो.

बैलगाडा शर्यती बंद होत्या, तेव्हा चोरून होत होत्याच. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठानं त्यांना मुभा देणारा कायदा कायम ठेवला. बैलांसाठी अटी लिहिता येतात, तर माणसांसाठी दोन पानं लिहायला हरकत नसावी.

आपल्या वाचकांत कोणी बंद खाणीचा मालक असेल तर त्यानं आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, ही विनंती. आणि ज्या वाचकांनी भंगाराचं पत्र लिहिलं, त्यांनी कोणत्याही रविवारी दुपारी चारनंतर यावं. गाडी खळ्यात आहे, बसलेला पाइप अजून बदललेला नाही, त्यांना हात लावून बघता येईल. चहा होईल. ती चार मुलंही दिसली तर त्यांना सोबत आणावं, गाडीचा डावा दरवाजा अजून ठोकायचा आहे आणि मला हात हवे आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त हेड मेकॅनिक
पावस, ता. जि. रत्नागिरी