राजीनामा दिला की लिहून घेतला?

संपादक साहेब, माझा धाकटा भाऊ कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात होता. सुपरवायझर रोज सगळ्यांसमोर आईबहिणीवरून बोलायचा, डबा खायला बसला तरी मोबाईलमधलं घड्याळ दाखवायचा, वर तक्रार केली तर सलग नाईट लावल्या, शेवटी वैतागून पोरानं राजीनामा दिला. तो मजकूर पण एचआरनेच सांगितला बरं का, ‘वैयक्तिक कारणास्तव’. ईएसआयची, म्हणजे कामगार विमा योजनेची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, नोकरी गेली तर सरासरी पगाराच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. त्याबद्दल विचारलं तर एचआरवाले म्हणतात तू स्वतः सोडलंस, तुला कशाचे पैसे?

आता नियमात गैरवर्तनाची शिक्षा, रिटायरमेंट, स्वेच्छानिवृत्ती यांना पैसे नाहीत हे ठीक, पण छळाला कंटाळून सोडणारा यात कुठं बसतो ते, ईएसआयवाल्यांनो, सरळ लिहा ना. नाहीतर कंपनीनं ऑनलाइन ‘नोकरी सोडली’ टाकलं की विषय संपला असंच होणार. निदान कामगाराला त्याची बाजू, व्हॉट्सॲपचे मेसेज वगैरे दाखवायची संधी तरी द्या, त्यात कामगाराच्या पगारातून कापून घेतलेले पैसेही आहेत.

– एक वाचक, सांगली